फ्लोअर फर्नेसची पायलट ज्योत वारंवार विझते: कारण कसे शोधावे आणि हवेचा मार्ग कसा तपासावा

फरशीत बसवलेल्या गॅस भट्टीबद्दलची, म्हणजे फ्लोअर फर्नेसबद्दलची, नेहमीची तक्रार ठरलेली असते. पायलट ज्योत, म्हणजे मुख्य बर्नर पेटवण्यासाठी सतत जळत राहणारी छोटी ज्योत, पेटवावी, दोन-चार दिवस सगळे सुरळीत चालावे आणि ऐन थंडीच्या रात्री ती पुन्हा विझलेली सापडावी. अशा वेळी बहुतेक जण थर्मोकपल बदलतात, कारण तो भाग स्वस्त असतो आणि बदलायला फारसा वेळ लागत नाही. मीही तेच केले होते. एका हिवाळ्यात दोन थर्मोकपल बदलून झाली, तिसरे आणून ठेवले, तरी ज्योत विझायची ती विझतच राहिली. थर्मोकपलचे काम इतकेच, की ज्योत गेली तर गॅसची झडप बंद व्हावी. ज्योत हवेअभावी गुदमरत असेल किंवा वाऱ्याने विझत असेल, तर थर्मोकपलला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. आमच्याकडचा चोर अखेरीस फरशीखाली सापडला. पहिल्या थंडीच्या लाटेत घरातल्या कोणीतरी जोत्याच्या भिंतीतले झरोके फोमचे तुकडे कोंबून बंद केले होते, आणि भट्टीला लागणारी सगळी हवा त्याच झरोक्यांतून येत होती.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी भट्टी चालू ठेवणेच धोक्याचे नाही ना, हे ठरवावे लागते. घरात असताना डोके जड होणे, मळमळणे, चक्कर येणे आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटणे हा क्रम दिसला, तर तो कार्बन मोनॉक्साइडचा इशारा समजावा. सर्वांनी घराबाहेर पडावे आणि आपत्कालीन मदत बोलवावी. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून ‘जरा खिडकी उघडून पाहू’ हा उपाय पुरेसा नाही. जाळीच्या कडांवर किंवा भोवतालच्या गालिच्यावर काजळी दिसणे, मुख्य ज्योत निळी न राहता लांबट पिवळी होऊन डुलत असणे, डोळ्यांना झोंबणारा वास येणे, यांपैकी एक जरी लक्षण असले तरी गॅसची झडप बंद करून तपासणी होईपर्यंत भट्टी वापरू नये. गॅसचाच वास येत असेल तर दिव्याचे बटणही दाबू नये. बाहेर पडून मग दूरध्वनी करावा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात असतो, पण त्याचा अर्थ अनेकांना नीट ठाऊक नसतो. अमेरिकेत प्रचलित असलेल्या यूएल २०३४ या मानकानुसार हवेत ७० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग, वायू असेल तर अलार्म १ ते ४ तासांच्या दरम्यान वाजणे अपेक्षित असते, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे ४० किंवा ५० पीपीएम वायू दिवसभर घरात असला तरी अलार्म गप्प राहू शकतो. अलार्म वाजला नाही म्हणून भट्टी निर्दोष आहे, असा निष्कर्ष काढू नये. झोपण्याच्या खोल्यांजवळ अलार्म असावाच. शक्य असल्यास कमी पातळीचे आकडेही पडद्यावर दाखवणारा मीटर जवळ ठेवावा.

ही भट्टी श्वास कुठून घेते

फ्लोअर फर्नेसला पंखा नसतो. लोखंडी पेटी फरशीच्या लाकडी तुळयांच्या मध्ये बसवलेली असते, तिचे धड जोत्याखालच्या पोकळीत लोंबते आणि खोलीत फक्त जाळी दिसते. जाळीच्या मध्यभागातून गरम हवा वर येते, कडेकडेने थंड हवा खाली उतरते आणि हा फेरा केवळ उष्णतेमुळे चालू राहतो. खोलीतली ही हवा बंद लोखंडी कोठीला बाहेरून लगटून तापते. ज्वलन कोठीच्या आत होते, त्याला लागणारी हवा सामान्यतः फरशीखालच्या पोकळीतून येते आणि जळलेला वायू आडव्या नळीने उभ्या धुराड्याकडे जातो. खोलीची हवा आणि ज्वलनाची हवा एकमेकींत मिसळता कामा नयेत, यावर या यंत्राची सारी सुरक्षितता अवलंबून आहे.

नैसर्गिक वायूच्या एका घनफुटातून सुमारे १,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता मिळते आणि तो पूर्ण जळण्यासाठी किमान १० घनफूट हवा लागते. ताशी ४५,००० बीटीयूची भट्टी तासाला सुमारे ४५ घनफूट गॅस जाळते, म्हणजे नुसत्या ज्वलनासाठी तिला ४५० घनफूट हवा हवी. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त लागते, कारण धुराड्यातून वर जाणारा वायू ड्राफ्ट हूडच्या, म्हणजे नळीच्या सुरुवातीला असलेल्या उघड्या टोपीच्या, तोंडाशी आणखी हवा सोबत घेतो. ही हवा आली नाही तर पायलट ज्योत प्रथम आखडते, मग थर्मोकपलच्या टोकापासून सुटते आणि अखेरीस विझते. एका अर्थी हे आपल्या भाग्याचेच, कारण ज्योत तगून राहिली असती तर त्याच अपुऱ्या हवेत मुख्य बर्नर कार्बन मोनॉक्साइड तयार करत बसला असता.

ज्योत केव्हा विझते, ते आधी टिपून ठेवावे

पाना हातात घेण्यापूर्वी आठवडाभर एक वही ठेवावी आणि ज्योत विझलेली दिसेल तेव्हा वेळ, वारा, पाऊस, घरात चालू असलेले पंखे आणि मुख्य बर्नर किती वेळ चालला होता, हे लिहावे. मला विचाराल तर ही वही कुठल्याही मापनयंत्रापेक्षा लवकर कारण सांगते.

बर्नर वीस-पंचवीस मिनिटे चालल्यानंतर ज्योत जात असेल, तर संशय सर्वप्रथम हवेच्या पुरवठ्यावर किंवा तुंबलेल्या धुराड्यावर घ्यावा. सुरुवातीला पोकळीत साठलेल्या हवेवर काम भागते. ती वापरली गेली, किंवा जळलेला वायू मागे फिरून तिच्यात मिसळला, की ज्योत मलूल होते. झरोके बाहेरून नीट पाहावेत. त्यांच्यासमोर साठलेला पालापाचोळा, आतून ठोकलेले इन्सुलेशन, बारीक जाळीवर बसलेला धुळीचा थर, यांपैकी काहीही त्यांना निकामी करते. म्हणूनच अशा झरोक्यांवरची जाळी पाव इंचापेक्षा बारीक छिद्रांची नसावी.

वाऱ्याच्या रात्रीच ज्योत जात असेल तर दोन जागा तपासाव्या लागतात. एक म्हणजे धुराड्याचे टोक: त्यावर योग्य टोपी आहे का, आणि ते जवळच्या भिंतीच्या किंवा छताच्या आडोशाला तर आलेले नाही ना. दुसरी जागा भट्टीच्या शेजारचा झरोका, कारण वारा समोरून थेट आत शिरला की तो ज्योत फुंकर मारल्यासारखी विझवतो. यावर झरोका बुजवणे हा उपाय नाही. वाऱ्याच्या बाजूला पक्का पत्र्याचा आडोसा उभारावा, मात्र तो दुरुस्तीसाठी जाण्या-येण्याच्या आणि हवेच्या आड येता कामा नये.

स्वयंपाकघराचा धूर ओढणारा पंखा, कपडे वाळवण्याचे यंत्र किंवा शेकोटी चालू असताना त्रास होत असेल, तर घर स्वतःच धुराड्याशी स्पर्धा करत आहे असे समजावे. ही यंत्रे घरातली हवा बाहेर फेकतात आणि तिची भरपाई करण्यासाठी फरशीच्या फटींतून पोकळीतली हवा वर ओढली जाते. धुराड्याची ओढ मुळात दुबळी असली, तर त्यातला वायूही उलटा खाली उतरतो. खिडक्या-दारे नव्याने घट्ट बसवल्यानंतर ही तक्रार सुरू झालेली मी पाहिली आहे, आणि तेव्हा भट्टीत काहीच बिघडलेले नव्हते.

पावसानंतर ज्योत विझत असेल तर भट्टीखालचा खड्डा पाहावा. खड्ड्यात पाणी साचले की बर्नरच्या आसपास ओल चढते, गंज धरतो आणि गंजाचे पापुद्रे पायलटच्या बारीक छिद्रात अडकतात.

वेळ, वारा, पाऊस, पंखा यांपैकी कशाशीच मेळ बसला नाही, तर मात्र थर्मोकपलकडे वळावे. निरोगी थर्मोकपल ज्योतीत असताना साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट देते, आणि ते साध्या मल्टिमीटरवर मोजता येते. ज्योतीने त्याच्या टोकाचा वरचा तीन-अष्टमांश ते अर्धा इंच भाग वेढलेला असावा. काही भट्ट्यांत त्याऐवजी थर्मोपाइल, म्हणजे अनेक थर्मोकपलांची एकत्र जोडणी, असतो आणि तो ५०० ते ७५० मिलिव्होल्ट देतो. त्याला थर्मोकपलचा आकडा लावून चांगला भाग टाकून देऊ नये. ज्योत बारीक आणि पिवळी असेल तर बहुधा पायलटच्या हवेच्या छिद्रात धूळ, लोकर किंवा कोळ्याचे जाळे असते. जाळीतून वर्षानुवर्षे खाली पडणारे केस आणि धागे हा या भट्टीचा कायमचा शत्रू आहे. गॅसचा दाबही जाणकाराकडून मोजून घ्यावा: बर्नरच्या नळीत नैसर्गिक वायूला साधारण साडेतीन इंच आणि प्रोपेनला १० ते ११ इंच पाण्याच्या उंचीइतका दाब लागतो.

फरशीखाली उतरून काय पाहावे

भट्टी बंद करून ती पूर्ण गार झाल्यावर चांगल्या उजेडाचा दिवा घेऊन खाली उतरावे. आमच्या भट्टीची आडवी नळी पाहिली तेव्हा तिचा मधला सांधा पट्टी तुटल्यामुळे सुमारे दीड इंच खाली आला होता. त्या खोलगट जागी नळीच्या तळाला तपकिरी रेघ उमटली होती, तिच्या टोकाला थेंब लोंबत होता आणि खालची माती तळहाताएवढ्या वर्तुळात ओली झाली होती. नळीला बोट लावले तेव्हा पत्रा कागदासारखा दबला. हे पाणी पावसाचे नव्हते. ४५,००० बीटीयूच्या भट्टीत गॅस जळताना तासाला जवळजवळ २ लिटर पाण्याची वाफ तयार होते; नळी गार असेल आणि वायू संथ वाहत असेल, तर त्या वाफेचा काही भाग आतच पाणी होऊन साठतो आणि पत्रा खातो. त्या छिद्रातून जळलेला वायू पोकळीत मिसळतो आणि तीच हवा भट्टी पुन्हा आत घेते. झरोके बुजलेले आणि नळी कुजलेली असा दुहेरी दोष आमच्याकडे होता. नुसते झरोके उघडून भागले नसते.

म्हणून आडव्या नळीचा चढ मोजावा. भट्टीपासून उभ्या धुराड्यापर्यंत प्रत्येक फुटाला किमान पाव इंच चढ हवा, म्हणजे ८ फूट नळीला २ इंच. सांधे स्क्रूने पक्के केलेले असावेत, पट्ट्यांचा आधार इतका असावा की नळी कुठेही झोळ धरणार नाही, आणि वळणे जितकी कमी तितके चांगले. एकपदरी नळीची आडवी लांबी उभ्या धुराड्याच्या उंचीच्या ७५ टक्क्यांहून अधिक नसावी. धुराडे १२ फूट उंच असेल तर ९ फुटांवर थांबावे. एकपदरी जस्ताच्या पत्र्याच्या नळीपासून लाकूड ६ इंच दूर असावे लागते. थंड पोकळीत मात्र दुपदरी, म्हणजे ‘बी’ प्रकारची नळी वापरणेच शहाणपणाचे, कारण तिच्यात वायू गरम राहतो, ओढ टिकते आणि पाणी साचत नाही. तिच्यापासून लाकडाचे अंतर १ इंच चालते.

दुरुस्तीनंतर ओढ तपासण्याची पद्धत सोपी आहे, पण ती घाईने करू नये. पोकळीत प्रोपेनचा किंवा गॅसचा किंचितही वास असेल तर काडी पेटवण्याचा विचारही करू नये. आधी साबणाच्या पाण्याने गॅसचे सगळे सांधे तपासावेत. सर्व सुरक्षित असल्याची खात्री झाल्यावर घराची दारे-खिडक्या बंद कराव्यात, हवा बाहेर फेकणारी सर्व यंत्रे चालू करावीत आणि मुख्य बर्नर ५ मिनिटे चालू द्यावा. मग विझलेल्या काडीचा किंवा उदबत्तीचा धूर ड्राफ्ट हूडच्या कडेजवळ धरून सगळीकडे फिरवावा. धूर आत ओढला गेला तर ओढ आहे. धूर जागीच घुटमळला किंवा उलट तोंडावर आला, तर भट्टी ताबडतोब बंद करावी, कारण त्या क्षणी जळलेला वायू त्याच वाटेने बाहेर येत असतो.

बसवताना राहिलेल्या चुका

ज्योत विझण्याचे मूळ पुष्कळदा पूर्वी कधीतरी घाईने केलेल्या बसवणुकीत असते. पुढील अंतरे अमेरिकी संहितांमध्ये रूढ आहेत, कारण हे यंत्र मुख्यतः तिथल्या जुन्या घरांत आढळते. आपल्या भट्टीची पुस्तिका आणि स्थानिक नियम याहून कडक असतील तर तेच पाळावेत.

भट्टीचा तळ जमिनीपासून किमान ६ इंच वर असावा. तळाचा भाग निर्मात्यानेच जलरोधक केला असेल तर २ इंच चालतात. जागा कमी पडत असल्यास खाली खड्डा खणावा लागतो, आणि त्यात भट्टीच्या तीन बाजूंना १२ इंच, तर जिथे झडप व पायलट असतात त्या बाजूला १८ इंच मोकळी जागा ठेवावी लागते. ही १८ इंचांची अट अनेकांना जाचक वाटते, पण पोटावर झोपून पायलटला हात पुरवण्याची वेळ आली की तिचे मोल कळते. पाणी झिरपण्याचा संभव असेल तर खड्ड्यात जलरोधक तसराळे बसवावे आणि त्याच्या कडा जमिनीच्या ४ इंच वर घ्याव्यात. प्रोपेन वापरणाऱ्यांनी हा खड्डा विशेष लक्षात ठेवावा. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो, परंतु प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. गळती झाली तर तो खड्ड्यात पाण्यासारखा साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या थोडे वर गेले, तरी ठिणगीने भडकू शकतो.

खोलीच्या बाजूने पाहता सपाट जाळी भिंतीपासून किमान ६ इंच दूर असावी, आणि दार, पडदा किंवा तत्सम वस्तू तिच्या १२ इंचांच्या आत येता कामा नये. जाळी दारात, जिन्याच्या पायथ्याशी किंवा ये-जा करण्याच्या वाटेत नसावी. तिच्यावर गालिचा, कपडे किंवा सामान ठेवले की हवेचा फेरा थांबतो आणि लोखंडी कोठी वाजवीपेक्षा तापते. अशा तापण्यानेच पुढे तिला चीर जाते. चीर गेलेली कोठी वेल्डिंगने किंवा लेप लावून दुरुस्त होत नाही, भट्टी बदलावीच लागते. लहान मुले असतील तर जाळीभोवती पक्के कुंपण हवे, कारण तिचा चटका त्वचेवर जाळीचा ठसा उमटवण्याइतका तीव्र असतो.

झरोक्यांचे गणित एकदा कागदावर करून ठेवावे. बंदिस्त जागेतल्याच हवेवर भट्टी चालवायची असेल तर दर १,००० बीटीयूला ५० घनफूट जागा लागते, म्हणजे ४५,००० बीटीयूला २,२५० घनफूट. ३० फूट लांब, ४० फूट रुंद आणि २ फूट उंच पोकळी २,४०० घनफुटांची भरते, तेव्हा भागेल असे वाटते. पण त्याच पोकळीतून ४०,००० बीटीयूचा पाणी तापवण्याचा बंबही हवा घेत असेल, तर गरज ४,२५० वर जाते आणि हिशेब फसतो. अशा वेळी थेट बाहेर उघडणारे दोन झरोके ठेवावेत, एक वरच्या १२ इंचांत आणि एक तळाच्या १२ इंचांत, आणि प्रत्येकाचे मोकळे क्षेत्रफळ दर ४,००० बीटीयूला १ चौरस इंच धरावे. एकट्या भट्टीसाठी ते सव्वाअकरा चौरस इंच येते. मोकळे क्षेत्रफळ म्हणजे झरोक्याचे बाहेरचे माप नव्हे, कारण पट्ट्या जागा खातात. नेमका आकडा माहीत नसेल तर धातूच्या पट्ट्यांचा झरोका ७५ टक्के आणि लाकडी पट्ट्यांचा २५ टक्के मोकळा धरण्याची रीत आहे. म्हणजे धातूचा झरोका १५ चौरस इंचांचा पुरेल, तर लाकडी ४५ चौरस इंचांचा लागेल. बंबही मोजायचा असल्यास हे आकडे जवळजवळ दुप्पट होतात. थंडीमुळे फरशी गार पडत असेल तर इन्सुलेशन फरशीच्या खालच्या अंगाला लावावे आणि झरोके मोकळे सोडावेत.

ज्योत पुन्हा पेटवताना

झडप बंद करून किमान ५ मिनिटे थांबावे, आणि त्यानंतर जाळीपाशी आणि खाली खड्ड्यापाशी, दोन्हीकडे वास घ्यावा. वास असेल तर पेटवणे रद्द. जळता कागद जाळीतून आत टाकण्याची जुनी सवय काही घरांत अजून दिसते, ती सोडून द्यावी. भट्टीला त्यासाठी वेगळी नळी आणि लांब दांडा दिलेला असतो. पायलट पेटल्यावर झडपेची कळ ३० ते ६० सेकंद दाबून धरावी आणि मग सोडावी. सोडताच ज्योत गेली तर एक-दोनदा पुन्हा करून पाहावे, पण कळ दाबलेली राहावी म्हणून तिला तार किंवा चिकटपट्टी बांधू नये. तसे केल्यास ज्योत विझल्यावरही गॅस वाहतच राहतो.

आमच्याकडे नळी बदलून आणि झरोक्यांतला फोम काढून झाल्यावर पहिले तीन दिवस बर्नर अर्धा तास चालल्यानंतर प्रत्येक वेळी धुराची परीक्षा केली, आणि मीटर जाळीपासून चार-पाच फुटांवर ठेवला. तिसऱ्या रात्री जोराचा वारा होता. सकाळी खाली वाकून पाहिले तेव्हा ज्योत आपल्या जागी होती, निळी आणि थर्मोकपलच्या टोकाला वेढून बसलेली, आणि मीटरवर शून्य होते. वही अजून पोकळीच्या दाराला टांगलेली आहे. दर हिवाळ्याच्या आरंभी झरोके, नळीचा चढ आणि खड्ड्यातली ओल पाहिली की तिच्यात एक ओळ वाढते.